आप्पांच्या मोटारीला आलेली स्थळं

मोटार विकत घ्यायला आलेल्या माणसाला बेंबळीचे मल्लिनाथआप्पा पहिला प्रश्न विचारत, "तुमच्या विहिरीला पाणी किती?"

बहात्तरचा दुष्काळ. कोरड्या गावात लोक लेक देत नव्हते, आप्पा मोटार देत नव्हते. हैदराबादच्या एका नवाबाकडून हौसेनं घेतलेली परदेशी शर्यतीची मोटार ती. लाल, बुटकी, दोनच माणसं मावणारी. हैदराबाद ते बेंबळी, एवढीच काय ती पळालेली. आमचे रस्ते तिच्या पोटाला लागत, म्हणून तेव्हापासून कडब्याशेजारी छपरात उभी. "लेकरानं उंबरा न्हाय वलांडला," आप्पा कौतुकानं सांगत.

विकायची निकड खरी होती. आप्पांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, नजर गेली होती. सोलापूरला ऑपरेशन करायचं तर मोटार विकणं भाग होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, ओळखी बऱ्याच. गिऱ्हाइकं मीच आणायचो आणि आप्पा परत पाठवायचे. एकाचा आवाज मोठा. एकानं दार आपटलं. एक तर, आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे, "शिंकला मोटारीवर."

शेवटी मी साखर कारखान्याचे एक चेअरमन आणले. विहिरीला पाणी, आवाज मऊ, दार हळू लावणारे. आप्पांना खोट सापडेना.

"बरं, कळवतो," म्हणाले.

मी थकलो. चावडीवर बोलून गेलो, "बायकोच्या डोळ्यांपेक्षा मोटार प्यारी आहे या माणसाला." गाव आजही तेच म्हणतं, म्हणून हे लिहितोय.

संध्याकाळी आप्पांकडे विसरलेली उन्हाची छत्री आणायला परत गेलो. छपरात इंजिन धडधडत होतं. मोटार जागेवरच. आत आप्पा, शेजारी काकू.

"अहो, कुठं आलो?"

"तेर मागं टाकलं."

"रान कसं हाय?"

"लई हिरवं. नदी भरून वाहतीय."

बाहेर धुरळ्याशिवाय काही नव्हतं. मला बघून आप्पांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सेक्रेटरी, चेअरमनला म्हणावं, पाऊस पडूस्तोर दम धरा. मोटार तुमचीच. पण आधी जरा हिरवं होऊ द्या. डोळं उघडल्यावर हे असलं दिसाया नगं तिला."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, थांबलात का? घर अजून लांब हाय की."