मिक्सर लावतो वं

मेश्रामकाका एकटे राहतात, पण घरातलं कोणतंही बटण दाबण्याआधी मोठ्याने परवानगी मागतात. "मिक्सर लावतो वं," अशी हाक येते. मग चार सेकंद शांतता. मग मिक्सर. आमच्या दोघांच्या घरांमध्ये नऊ इंचांची एकच भिंत आहे आणि सेकंद मी घड्याळ लावून मोजलेले आहेत.

याचं मूळ त्यांच्या वायरिंगमध्ये होतं. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या रबरी वायरी, काळी गोल बटणं आणि साऱ्या घराला मिळून पाच अँपिअरचा एक फ्यूज. इस्त्री हजार वॉट, मिक्सर पाचशे, कूलर दोनशे. तिन्ही एकदम लावले की आकडा सात अँपिअरच्या वर जातो आणि फ्यूज उडतो. म्हणून घरात नियम पडला: लावणाऱ्याने हाक मारायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. शांताकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "थांबा, मिक्सर चालू हाये." की काका इस्त्री हातात धरून चुरगळलेल्या सदऱ्यासमोर मुकाट उभे.

काका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. "लोड पाहून जगा लागते गा," हे त्यांचं सगळ्यावरचं मत. पंगतीत कोणी चौथ्यांदा जिलेबी घेतली तर त्याच्या पोटाकडे बघून म्हणणार, "फ्यूज उडंन." जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याने न विचारता चहाची विजेची किटली लावली. मे महिन्यातली दुपार. कूलरसकट सगळं घर बंद. काका घाम पुसत शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हाक काहून नाही मारली?" तेव्हापासून तो आमच्याकडे आला तरी पंखा लावण्याआधी विचारतो.

शांताकाकू गेल्याला तीन वर्षं झाली. हाक चालूच राहिली.

यंदा त्यांच्या प्रियाला मुलगी झाली. ती बेसाला सासरी राहते. सव्वा महिन्याने बाळाला घेऊन माहेरी यायचं ठरलं होतं, पण तिने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, वायरिंग बदला. नाही तर मी पोरीले घेऊन येत नाही."

काका फोन ठेवून तडक माझ्याकडे आले. "चाळीस वर्षांत एक झटका नाही बसला मले. आजकालची वायर तर उंदरंच खाऊन राहिले."

"काका, तुमच्याकडे अर्थिंगसुद्धा नाही."

"काहून नाही? जमिनीवरच तर उभा हाये मी."

मी लोडचा तक्ता करून दिला. तो त्यांनी चष्मा लावून वाचला, एक बेरीज तपासली आणि परत दिला. शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावून त्यांच्यादेखत एक पट्टी उघडली. आतलं रबर खारी बिस्किटासारखं भुगा होऊन फरशीवर पडलं. काकांनी चिमटीत घेऊन पाहिलं.

"नव्या वायरिंगवर सगळं एकाच वेळी चालंन?"

"चालेल की. कूलर, इस्त्री, मिक्सर, गीझरसुद्धा. कोणाला काही विचारायची गरज नाही."

काकांनी चिमटीतला भुगा बोटांनी चोळला. मग हळूच म्हणाले, "तेच तर म्हणून राहिलो मी."

एवढं बोलून त्यांनी हात झटकले. "काढ गा सारं. नात येते."

आठ दिवस काम चाललं. बावीस पॉइंट, चार स्वतंत्र सर्किट. प्रिया महिनाभर राहिली आणि बाळाच्या रडण्यापुढे कोणाच्या हाकेला जागाच उरली नाही. मग जावई दोघींना बेसाला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हाक ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कूलर नुसता सुरू व्हायचा, मिक्सर नुसता थांबायचा. मला वायरिंग उत्तम झाल्याचं समाधान होतं, पण त्या हाकेवाचून सकाळचा चहा काही केल्या जमत नव्हता.

चौथ्या दिवशी आमच्या हिने चटणीचं भांडं मिक्सरवर बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून ओरडली, "काका, मिक्सर लावते हो."

आमचं मीटर वेगळं, वायरिंग वेगळी. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याऐवजी सेकंद मोजले. अकरा झाले.

"थांब वं पोरी," पलीकडून आवाज आला, "कूलर चालू हाये."

बटणाचा खटका वाजला. कूलरची घरघर थांबली.

"हं. लाव आता."