मारोतीमामांचा खांदा

आमच्या शेजारचे मारोतीमामा कोणत्याही गोष्टीला आधी एकच विचारतात, "कार्डात बसतं का?" लग्नाची पत्रिका द्या, जेवायला बोलवा, हाटेलात भजे सांगा, मामा डोळे अर्धे मिटून, समोरच्या गायरानाकडं बघत विचारणारच. गायरानात आता काही नाही. मेंढरं कधीच विकली, तरी मामांची नजर दुपारभर तिकडंच चरत असते.

कार्ड म्हणजे सरकारी विम्याचं. गावची आशाताई मी, तेव्हा ते काढून दिलं मीच. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

यंदा उन्हाळ्यात मामांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. जेवता यायचं, तंबाखू मळता यायची. अडलं ते पटक्यापाशी. डोक्याला पटका बांधायचा तर हात वर न्यावा लागतो. आणि आमच्याकडं म्हातारा माणूस उघड्या डोक्यानं दिसला की लोक समजतात, घरात कुणीतरी गेलं.

"मी बांधून देते," म्हटलं.

"दुसऱ्यानं पटका दोनदाच बांधायचा. नवरदेव असताना, न्हाई तर तिरडीवर."

"मंग टोपी घाला."

"मी काय पुढारी हाये का?"

विषय संपला. हात वर गेल्याशिवाय डोकं झाकायचं नाही, आणि हात वर नेणारा डॉक्टर कार्डातलाच पाहिजे.

निघाली आमची वरात. घनसावंगी झालं, अंबड झालं, जालना झालं. कुठं म्हणाले, "ऑपरेशन बसतं, व्यायाम बसत न्हाई." कुठं म्हणाले, "भरती व्हा, मंग बघू." एका ठिकाणी तर मामांनीच डॉक्टरला तोड सुचवली, "कागदावर ऑपरेशन लिहा, अन् व्यायाम करा की." मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, तेही दुखऱ्याच. येताना एसटीत मामा खिडकीला डोकं टेकवून मोकळ्या रानाकडं बघत बसायचे आणि झोपेत बोलल्यासारखे म्हणायचे, "हित्तं मेंढरं बसवायला रान झकास हाये." इकडं माझं डोकं तापलेलं, आणि हे गृहस्थ कुठल्या कुठं पोचलेले.

गावात भलतंच सुरू झालं. तीर्थपुरीच्या बाजारात कुणी उघडं डोकं बघितलं, त्यानं जांबेला कुणाला सांगितलं, आणि लोक भेटायला यायला लागले. बाया ओसरीवर टेकायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या. मग घोटाळा व्हायचा, की गेलं कोण? मामीला जाऊन तर वर्षं झाली. पण असं तोंडावर कसं विचारणार? लोक आपले मामीचंच बोलायचे. मामा मान हलवत ऐकायचे, मला चहा सांगायचे. मला वाटायचं, खरं काय ते सांगायचा आळस, दुसरं काय.

शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यायामाची डॉक्टरीण आल्याचं कळलं. "कार्ड लागत नाही, मोफत आहे," ती म्हणाली, तर मामा उठून निघाले. कार्ड न बघता इलाज करती, ती काय डॉक्टर? पोरगी हुशार. तिनं कार्ड मागून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "बराबर आहे मामा. बसतं." मामा बसले.

तिनं भिंतीवर बोटं चढवत न्यायला शिकवलं. दुपारी सगळी गल्ली पेंगत असायची, कडुनिंबाची सावली जागची हलत नसायची, आणि मामा भिंतीपुढं उभं राहून बोटं हाकायचे. "हुर्र... चला... करंगळी मागं राह्यली, तिच्यासाठी थांबा जरा." चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पाच मेंढरं डोंगर चढून राह्यली असं मलाही दिसायला लागलं. हातातलं धुणं तसंच ठेवून मी बघत राहायची. मेंढरं आधी खुंटीपर्यंत गेली, मग कोनाड्यापर्यंत.

आणि परवा बघते तर मामा आढ्याला टांगलेली पिशवी आरामात काढून राह्यलेत, उजव्याच हातानं. मी तडक घरात शिरले, पेटीतून पटका काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बांधा."

मामांनी घडीसुद्धा मोडली नाही.

"हात चढतो ना आता?"

"चढतो की. केव्हाचा."

"मंग?"

मामा पटक्यावरनं हात फिरवत राहिले. "ताई, तुझी मामी गेली तवा कोरोना होता. गावानं रस्ता बंद केल्ता. दवाखान्यातनं परभारे नेली तिला. एक माणूस आल्तं का माझ्या दारात? तिचं चार शब्द चांगलं बोलायचं राहूनच गेल्तं लोकांचं." मग म्हणाले, "आता बोलून राह्यले."

इतके दिवस यांना आळशी म्हणत होते मी.

तेवढ्यात दारात राजूरकडचे नवरा-बायको चपला काढताना दिसले. मामांनी पटका हळूच माझ्याकडं सरकवला. मी तो पदराखाली घेतला आणि चहा टाकायला आत गेले.

बाहेर ती बाई म्हणत होती, "मामी लई हसरी होती बघा."

"कशी, ते सांगा की," मामा म्हणाले.