कॅथेड्रल समाचाराला येतं

स्पेनमधल्या व्हियाल्बोर गावचं कॅथेड्रल आपल्याला आतून बघून गेलेल्या प्रत्येकाच्या घरी परतभेटीला जातं. सोळाव्या शतकात ते बांधून झालं तेव्हापासूनची ही पद्धत आहे. ते परगावी असतं तेव्हा गावकरी प्रार्थना शाळेच्या पटांगणात उरकतात आणि कॅथेड्रलच्या मोकळ्या जागेत घरातले गालिचे उन्हाला टाकतात. त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. अडचण एवढीच, की आत शिरण्याआधी परतभेट कक्षात अर्ज भरावा लागतो. बहुतेक पर्यटक त्या अर्जाच्या चौथ्या रकान्यापाशी अडतात, बाहेरूनच फोटो काढतात आणि बसमध्ये जाऊन बसतात.

यमुना धोत्रे मात्र त्या चौथ्या रकान्यासाठीच आली होती.

ती सोलापूरकडच्या निंबळखेडची. घर दगड घडवणाऱ्यांचं. वडिलांनी, हणमंतअण्णांनी, पन्नास वर्षं दगड फोडला आणि घडवला. यमुना शिकली, आयटीआयमध्ये इमारतीचे आराखडे काढायला शिकवू लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. या कॅथेड्रलचा आडवा छेद तिने एकतीस वर्षं फळ्यावर काढला होता. एकदा तो कागद तिने अण्णांना दाखवला. छत अख्खं दगडाचं आहे आणि त्यात लोखंड नाही, असं सांगितलं.

"दगड डोक्यावर टांगत्यात व्हय?" अण्णा म्हणाले. "खोटं हाय. हात लावून बघंन तवाच मानीन."

आता अण्णा अठ्ठ्याऐंशीचे होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून दारातल्या खाटेवरून उठणं नव्हतं, आणि डॉक्टरांनी यमुनाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. अण्णा स्पेनला जाऊ शकत नव्हते. म्हणून यमुनाने निवृत्तीनंतर पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

परतभेट कक्षात दोन्या रेमेदियोस नावाच्या वयस्कर बाई बसायच्या. त्या इंग्रजी सावकाश बोलत, यमुनाही सावकाशच बोले, त्यामुळे दोघींचं छान जमलं.

"चौथा रकाना. पाहुण्यासाठी उपलब्ध जागा," दोन्या रेमेदियोस यांनी वाचलं. "तुम्ही लिहिलंय, अंगण, अकरा फूट बाय नऊ."

"हो. त्यात तुळस धरलेली नाही."

"बाई, कॅथेड्रल एकशे बारा मीटर लांब आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग मावणार कसं?"

"माझ्या बहिणीच्या लग्नाला आमच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं राहिली होती."

"ती माणसं होती. माणसं अंग चोरून बसतात."

"तुमचं कॅथेड्रल आजवर कोणाकडे अंग चोरून बसलंच नाही?"

दोन्या रेमेदियोस यांनी चष्मा काढला, पुसला आणि कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. पुस्तक जाड होतं. त्यांनी ते सावकाश चाळलं.

"मनाई नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तशी वेळ आलेली नाही. त्याला विचारावं लागेल."

"विचारा."

"तो दगड आहे, बाई. उत्तर द्यायला दिवस लावतो."

"मी बसते."

ती बसली. रोज सकाळी नऊला कक्ष उघडला की यमुना भिंतीकडच्या बाकावर असायची, आणि दुपारी दोनला बंद होईपर्यंत हलायची नाही. परतीचं विमान आठव्या दिवशी होतं. तिसऱ्या दिवशी दोन्या रेमेदियोस तिच्यासाठीही घरून ऑम्लेट आणू लागल्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "एका जर्मन गृहस्थाने मैदान भाड्याने घेतलं होतं. तसं काही?" यमुना म्हणाली, "मैदान चालणार नाही. त्याने घरीच यायला हवं." पाचव्या दिवशी घंटा दोनदा वाजली आणि थोड्या वेळाने अर्धवट एकदा.

दोन्या रेमेदियोस यांनी खिडकीतून कान देऊन ऐकलं. "जमेल म्हणतंय. फक्त मनोरे दुमडत नाहीत."

"मनोरे वरच्या वर राहू देत. विजेची तार आहे, ती मी काढायला लावते."

"ठीक. तुमची पाळी अडीच वर्षांनी आहे."

यमुना एवढे दिवस एकदाही चिडली नव्हती. आता तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "अडीच वर्षं माझ्याकडे नाहीत. माझे वडील आजारी आहेत. मी तुमच्या बागा बघायला आलेली नाही. त्यांना एकदा त्या दगडाला हात लावायचाय, आणि ते झाल्याशिवाय मी या बाकावरून उठायची नाही. विमान गेलं तर जाऊ दे."

"आजारी आहेत?" दोन्या रेमेदियोस म्हणाल्या. "हे आधी का नाही सांगितलंत? आजारी माणसाकडे जाणं म्हणजे परतभेट नव्हे. तो समाचार. समाचाराला यादी नसते." त्यांनी खणातून पिवळा अर्ज काढला. "मात्र आजाऱ्याने स्वतः बोलावलं पाहिजे. माझ्यासमोर."

यमुनाने फोन लावला. शेजारच्या सरूबाईने तो अण्णांच्या कानाला धरला.

"अण्णा, कॅथेड्रलला या म्हणा."

"कुनाला?"

"त्या दगडी छताच्या इमारतीला. तुम्हाला बघायला येणार आहे."

"दगडाला काय आवतन द्यायचं?" अण्णा ओरडले. "ज्याला यायचं त्यानं यावं, न्हाई त्यानं ऱ्हावं!"

"काय म्हणाले?" दोन्या रेमेदियोस यांनी विचारलं.

"यावं म्हणाले," यमुनाने सांगितलं.

अर्जावर शिक्का बसला. मग यमुना आत गेली. आधी आपण भेटायचं, मगच त्याने यायचं, हा क्रम चुकवता येत नव्हता. आत थंड होतं. चार चार खांब एकत्र बांधल्यासारखे उभे होते आणि त्यांच्यावर पांढरे घुमट एकाशेजारी एक, ताटं पालथी घातल्यासारखे. फळ्यावर तिने ते सगळं खडूच्या रेघेने दाखवलं होतं, पण रेघेला वजन नसतं. तिची मान वर गेली ती दुखेपर्यंत खाली आली नाही. नंतर तिने एका खांबाला नमस्कार केला, घरचा पत्ता पुन्हा एकदा मोठ्याने सांगितला आणि बाहेर आली.

निंबळखेडला परत आल्यावर ती नगरपंचायतीत गेली.

"बांधकाम कच्चं की पक्कं?" तिथल्या लिपिकाने विचारलं.

"पक्कं. पावणेपाचशे वर्षांचं."

"मग ते अतिक्रमणात जातं, मॅडम."

"संध्याकाळी परत जाणार आहे."

लिपिकाने थोडा विचार केला. "मग मंडपात घालू," तो म्हणाला आणि त्याने मंडपाची परवानगी दिली. तार काढायला दोन फेऱ्या जास्त लागल्या. यमुनाने त्या मारल्या.

तिने भेट दिल्यापासून एकोणिसाव्या दिवशी कॅथेड्रल आलं. सकाळी साडेनऊला ते बोळाच्या तोंडाशी दिसलं. पुढे दोन्या रेमेदियोस चालत होत्या, काखेत फाइल. बोळातल्या लोकांनी मोटारसायकली आत घेतल्या. कॅथेड्रलने बाजूच्या प्रार्थनाघरांची रांग पोटाशी ओढली, दर्शनी भिंत किंचित तिरकी केली, आणि दगडावर दगड घासल्याचा लांबलचक आवाज करत ते अंगणात उतरलं. तुळशीला धक्का लागला नाही. मनोरे वर गेले ते सरूबाईच्या गच्चीच्याही वर.

यमुनाने पायरीवर पाणी ओतलं. मग तिने आणि सरूबाईने अण्णांना खुर्चीत बसवून त्याच्या मोठ्या दारातून आत नेलं.

अण्णांना दिसत फारसं नव्हतं. त्यांनी खुर्ची पहिल्या खांबाशी थांबवायला लावली आणि तळवा दगडावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बोटं कडेने खाली नेली, सांधा शोधला, नखाने खरवडला.

"डावखुरा हुता," ते म्हणाले.

"कोण?"

"ह्यो घडवनारा. टाकीचा घाव बघ कसा उलटा गेलाय. पर हात चांगला." त्यांनी तोंड वर केलं. "आनि वर? लोखंड न्हाई म्हनतीस?"

"नाही, अण्णा. एक दगड दुसऱ्याला रेटतो, तो तिसऱ्याला. सगळे पडायला बघतात आणि कोणीच कोणाला पडू देत नाही."

दूर कुठेतरी घुमटाखाली पारवे फडफडले.

"माझा सगळा दगड धरनात गेला," अण्णा म्हणाले. "पन्नास वरसं घडवला. पान्याखाली हाय. कुनी बघितला न्हाई." त्यांचा हात खांबावरच होता. "ह्याला लई लोक बघत्यात, न्हाई?"

"बघतात. बहुतेक बाहेरूनच."

"आतनं बघाय पायजे," अण्णा म्हणाले, आणि पुढच्या खांबाकडे न्यायला सांगितलं. त्यानंतर त्याच्या पुढच्या. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच, खुर्चीत बसून केलं. एका खांबाचा सांधा त्यांना पसंत पडला नाही. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि दोन्या रेमेदियोस यांनी ते फाइलमध्ये टिपून घेतलं.

साडेचारला दोन्या रेमेदियोस यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, समाचाराची वेळ पाचपर्यंत असते. निघायला हवं."

"काय म्हनतीया?" अण्णांनी विचारलं.

"पाचला निघायचं म्हणतायत."

"आलं कसं हे इथवर?"

"चालत, अण्णा. एकोणीस दिवस."

अण्णांनी खांबावर हलकेच दोनदा थाप मारली. घोड्याच्या मानेवर मारावी तशी.

"चालत आलंय आनि लगीच हाकलता? पाय दुखत असतील त्येचे," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे त्येला चार दिस."

यमुनाने ते दोन्या रेमेदियोस यांना सांगितलं. दोन्या रेमेदियोस यांनी वर, घुमटाकडे पाहिलं आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग घंटा दोनदा वाजली, आणि यमुना मंडपाच्या परवानगीची मुदत वाढवायला नगरपंचायत बंद व्हायच्या आत निघाली.