चार इंचांचं सत्य

"उद्यापासून मी खरं तेच बोलणार! मग समोर कुणीही असो!"

जेवण आटोपून मागच्या खोलीत आलेल्या टेलरमास्तरांनी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा ती ऐकायला एकटी बायकोच हजर होती. तीही पाठमोरी. शिलाई मशीनवर बसून ती एका साडीला फॉल लावत होती, आणि ते मशीन चालू झालं की शेजारच्या घरातली बाळं दचकून उठायची. तरी बायको "हो" म्हणाली. मास्तरांचा ऊर भरून आला. म्हटलं, चला, घरातून तरी पाठिंबा आहे!

तसा मास्तरांचा आणि खरं बोलण्याचा आजवर संबंध आला नव्हता. त्यांचं सगळं दुकानच मुळी "हो" या एका शब्दावर चालत असे. गिऱ्हाईक म्हणालं, यंदा उकाडा फार, की मास्तर म्हणत, "छे, विचारूच नका!" पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, यंदा म्हणावा तसा उकाडा नाही, की मास्तर अंगावर शाल ओढल्यासारखे शहारत. आणि कमरेचं माप घेताना तर त्यांची माणुसकी अगदी ऊतू जायची. टेपवर जो आकडा येई त्यातून सरसकट चार इंच वजा करून ते पडद्यामागे हाक देत, "बत्तीस!"

पडद्यामागे कापडावर खडू धरून बायको उभी असे. कापायचं काम तिचं. बत्तीस ऐकलं की ती मुकाट्याने छत्तीसवर रेघ मारी. लग्न झाल्यापासून हा हिशेब असाच चालू होता. गिऱ्हाईक बत्तीस ऐकून खूश, छत्तीसची पँट घालून त्याहून खूश. गावात दुसरीकडे कुठेही कपडे शिवले तरी ते पोटात काचतात, फक्त मास्तरांकडचे तेवढे बसतात, अशी त्यांची ख्याती होती. ती कशामुळे, हे त्या दोघांनाच ठाऊक.

मग हे सत्याचं वारं आलं कुठून? मेव्हण्याकडून. दुसरं कुठून येणार! बायकोचा धाकटा भाऊ कसल्याशा शिबिराला जाऊन आला होता. 'मनातलं बोला' असं त्या शिबिराचं नाव. तिथे सगळ्यांनी एका सुरात शपथ घेतली होती की यापुढे कुणाच्या सुरात सूर मिसळायचा नाही.

"भाऊजी, तुम्हाला स्वतःचं मतच नाही," मेव्हणा म्हणाला.

"अगदी खरंय," मास्तर म्हणाले.

"बघा! लगेच मान डोलावलीत!"

"हो, डोलावली खरी."

"म्हणून तर तुमची ही गत आहे. समोर रेडिमेडचं दुकान आलं, तुमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. माणसाला खोटं ऐकून कंटाळा येतो, भाऊजी!"

हे मात्र मास्तरांना लागलं. समोरच्या चकचकीत दुकानाने खरंच त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. वर त्या दुकानाच्या मालकाने परवाच मोठ्या मायेने निरोप धाडला होता, की मास्तर, तुमचं दुकान बंद झालं तर काळजी करू नका, आमच्या जिन्याखाली एक स्टूल आहे, तिथे बसून लोकांच्या पँटची लांबी कमी करून द्या. त्या स्टुलाची आठवण झाली की मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे. स्वतःच्या पाटीखाली केस पांढरे केलेला माणूस दुसऱ्याच्या जिन्याखाली बसणार!

तेव्हा सत्य तर सत्य.

दुसऱ्या दिवशी पहिले आले निवृत्त हेडमास्तर. "काय मास्तर, तब्येत उतरलीय ना माझी?"

"नाही. चांगली सुटलीय."

हेडमास्तर कापड काखोटीला मारून निघून गेले. त्यांच्यामागून एक बाई ब्लाउजचा नमुना घेऊन आल्या. "ही बाही मला शोभेल ना हो?"

"तुम्हाला नाही शोभणार. तुमच्या मुलीला शोभेल."

बाईही गेल्या. जाताना मुलीच्या वतीने एक आणि स्वतःच्या वतीने दोन शब्द सुनावून गेल्या. मास्तरांना मात्र अंगावरून मणभर ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर त्यांनी असा सत्याचा सपाटा लावला आणि आठवडाभर पडद्यामागच्या कात्रीला काही काम पडलं नाही. बायकोने बिचारीने त्याचं खापर समोरच्या दुकानावर फोडलं. पुढे काय बोलणं चालतं ते तिला मशीनच्या आवाजात ऐकू यायचंच नाही. तिला फक्त आकडा ऐकायची सवय, आणि आकडा तर येतच नव्हता.

अशात एक दिवस दारात गाडी थांबली आणि आतून हॉटेलचे मॅनेजर उतरले. आधी पोट उतरलं, मग मॅनेजर. गावातलं मोठं हॉटेल रंगरंगोटी करून पुन्हा सुरू होणार होतं. सगळ्या नोकरांना नवे गणवेश हवे होते, आणि काम आवडलं तर दरवर्षीचं काम कायमचं मास्तरांना! मास्तरांच्या डोळ्यांपुढून ते स्टूल धूम पळत सुटलं.

"सुरुवात माझ्यापासून करा," मॅनेजर म्हणाले. "कंबर अडतीस."

मास्तरांनी टेप लावली. टेप बेचाळीस म्हणत होती. मास्तरांना प्रतिज्ञा आठवली, मेव्हणा आठवला, आणि छाती पुढे काढून ते गरजले, "बेचाळीस!"

मॅनेजरांबरोबर आलेले दोन वेटर छताकडे बघू लागले.

"तुम्ही स्पष्टवक्ते दिसता," मॅनेजर हळूच म्हणाले. "मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात." स्पष्ट बोलणारा माणूस आवडत नसला की असंच म्हणायची पद्धत आहे. पण उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि एवढ्या घाईत काम करून देणारा दुसरा कुणी नव्हता.

मग दिवसभर रांग लागली. आचारी, वेटर, माळी, दरवान. मास्तर एकेकाचं सत्य गावाला ऐकवत होते आणि पडद्यामागे बायको प्रत्येक सत्यात चार मिळवत होती. "बेचाळीस म्हणजे शेहेचाळीस... अडतीस म्हणजे बेचाळीस... अगं बाई!" ती मनाशी म्हणाली, "या हॉटेलात अन्न फारच उरत असणार."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोघं गठ्ठे घेऊन हॉटेलात गेली. नोकरांनी कपडे चढवले आणि मोठ्या दिवाणखान्यात येऊन उभे राहिले. उभे राहिले म्हणजे, दोन्ही हातांनी पँट धरून उभे राहिले. दरवान सहा फुटी, मिशाळ गडी. सलाम ठोकून दाखव म्हटल्यावर बिचाऱ्याने दोनदा विचार केला. आचाऱ्याच्या पँटमध्ये अजून एक शिकाऊ आचारी सहज मावला असता.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही खरं माप ओरडलात की काय?" ती कुजबुजली.

"मग! तुला सांगितलं नव्हतं का, यापुढे खरं बोलणार म्हणून?"

"कधी?"

"त्या रात्री! तू हो म्हणालीस!"

"अहो, मशीन चालू असताना तुम्ही काही बोललात की मी हो म्हणते. एवढ्या वर्षांत तुमचं कधी अडलं नाही!"

मास्तर यावर काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून मॅनेजर आले. त्यांचीही पँट भलतीच ढगळ झाली होती. आता आपली धडगत नाही, असं म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. पण बघतात तर मॅनेजरांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता!

"बघा!" त्यांनी कमरेपाशी पँट ओढून पुढची पोकळी सगळ्यांना दाखवली. "बारीक झालो! परवापासून लिफ्ट सोडलीय मी. जिन्याने उतरतो!"

"निम्मे झालात साहेब!" एक वेटर म्हणाला.

"निम्म्याहून कमी!" दुसऱ्याने भर घातली.

"मला तर मघाशी तुम्ही दिसलातच नाही," आचारी म्हणाला.

"पण साहेब," दरवान पँट सावरत अदबीने म्हणाला, "आम्हीपण सगळे एकदमच बारीक झालोय."

"माझ्या हाताखाली माणूस असा राबतो!" मॅनेजर म्हणाले. "मास्तर, तुम्ही स्पष्टवक्ते. तुम्हीच सांगा. उतरलोय की नाही?"

आता एक "हो" म्हटलं की संपलं होतं! दरवर्षीचं काम, दुकान, पाटी, सगळं त्या एका अक्षरात. आयुष्यभर मास्तरांनी ते अक्षर पैशापासरी वाटलं होतं. पण आज ते काही केल्या घशातून वर येईना. मनात आलं, आज जर हो म्हणालो तर मेव्हण्याचं बोलणं खरं ठरलं. मग आपल्याला खरंच स्वतःचं असं मत नाही.

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. "तुम्ही आहात तसेच आहात. आमच्या हातून कापड मोठं कापलं गेलंय."

मॅनेजरांचा चेहरा पडला. "म्हणजे मी अजून बेचाळीसच?"

इथे मास्तरांनी थांबायला हवं होतं. पण उशिरा खरं बोलायला शिकलेल्या माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढली, मॅनेजरांच्या कमरेभोवती टाकली, नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नाही साहेब. त्रेचाळीस."

मॅनेजर लालबुंद झाले. तोंड उघडून ते काय बोलणार हे सगळ्यांना कळलं होतं. मास्तरांना तर ते स्टूल जिन्याखालून हाका मारताना ऐकू येत होतं. तेवढ्यात बायको पुढे झाली.

"अहो, काय हे! ती जुनी टेप कशाला आणलीत? साहेब, यांची टेप आखडलीय. पावसात भिजली तेव्हापासून वाटेल ते आकडे दाखवते. थांबा, मी मोजते."

तिने पर्समधून आपली टेप काढली. मॅनेजरांच्या मागे जाऊन टेपचं टोक आणि अडतीसची खूण एकमेकांकडे ओढली. ती काही एकमेकांना भेटली नाहीत. मधल्या फटीवर तिने तळहात ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं, "अडतीस."

"अडतीस!" मॅनेजरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"बाकीच्यांच्या पँटा मी संध्याकाळपर्यंत आत घेऊन देते. तुमचीही घेते."

"माझी मुळीच नको! मी पट्टा लावेन. उद्या पाहुण्यांना दिसू दे, किती उतरलो ते. आणि बाई, काम दरवर्षी तुमच्याकडेच. फक्त यापुढे मापं तुम्ही घ्यायची. यांना आत बसवा."

मास्तर काहीतरी बोलणार होते. बायकोने त्यांचा पाय दाबला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात पुढे बायको आणि पडद्यामागे मास्तर अशी व्यवस्था झाली. हेडमास्तर परत आले, ब्लाउजवाल्या बाई परत आल्या. पुढून "बत्तीस!" अशी हाक येई आणि मास्तर दातओठ खात छत्तीसवर रेघ मारीत.

दुपारी गिऱ्हाईक नसताना ते पडद्याबाहेर आले. "तू दुकान वाचवलंस, ते मी मानतो. जगाशी काय बोलायचं ते बोल. पण माझ्याशी तरी नुसतं हो म्हणत जाऊ नकोस. नवरा-बायकोत एवढा खरेपणा पाहिजे."

"नक्की?"

"अगदी नक्की! मला खरं ऐकायची भीती नाही."

बायकोने त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तुमची ही पँट कितीची आहे?"

"चौतीस. लग्नापासून चौतीस आहे माझी कंबर. मीच सांगतो ना तुला दरवेळी!"

"तुम्ही सांगता चौतीस. पहिली दोन वर्षं मी चौतीसच कापली. मग छत्तीस, मग अडतीस. ही चाळीसची आहे, आणि हिचंसुद्धा बसताना बटण काढता तुम्ही."

मास्तरांनी हळूच पोट आत ओढलं. गळ्यातली टेप कमरेभोवती गुंडाळली, आकडा पाहिला, लगबगीने ती सोडून टेबलावर टाकली आणि हात पुढे केला.

"तुझी टेप दे बरं जरा. माझी खरंच आखडलीय."