शाकाहारी अण्णा आणि माशाचं तेल

आमच्या सोसायटीत कुणाच्याही घरी मासे शिजत नाहीत, तरी रोज सकाळी साडेसातला लिफ्टमध्ये बांगड्याचा वास येतो. वास आला की समजायचं, तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा दीक्षित फिरायला उतरले. आणि हे अण्णा चातुर्मासात कांद्यालासुद्धा हात लावत नाहीत.

अण्णांचे आजोबा इथेच नाशिकला रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. अण्णा स्वतः पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांनी कुठेतरी वाचलं, की माशाचं तेल हृदयाला चांगलं, सांध्यांना चांगलं, मेंदूला तर फारच चांगलं. झालं. दुसऱ्या दिवशी अण्णा त्या तेलाच्या गोळ्या आणायला बसने थेट देवळाली कॅम्पला गेले. घराखाली मेडिकल असताना तिकडे का? तर कॅम्पात त्यांना कुणी ओळखत नाही.

हे मला कळलं, कारण मी शेजारी राहते आणि अण्णांच्या पोटात गोष्ट राहत नाही. गोळीसुद्धा नीट राहत नाही. दर पंधरा मिनिटांनी ढेकर.

"पण अण्णा, तुम्हाला माशाचं चालतं?" मी विचारलं.

"अगं वैशाली, दूध पिणारा माणूस गाय खातो का?" अण्णा म्हणाले. "मग? मासा वेगळा, तेल वेगळं. प्रयोग चालू आहे."

"प्रयोग चालू आहे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रयोगाची बाटली मात्र त्यांच्या बायकोने, सुधाकाकूंनी, स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. देवघर तर लांबच. ती बाहेर, चपलांच्या कपाटात राहायची. अण्णा सकाळी आंघोळ करून, एक पाय चपलेत घालून, गोळीवर तुळशीचं पान ठेवून ती गिळायचे. मग भिंतीवरच्या आलेख-कागदावर फुल्या मारायचे. गुडघे निळ्या पेन्सिलीने, राग तांबड्या, स्मरणशक्ती हिरव्या.

हिरव्या पेन्सिलीचा त्रास सगळ्यांना झाला. अण्णा रस्त्यात अडवून विचारायचे, "मागच्या सोमवारी तुझ्याकडे भाजी काय होती?" मी आठवत राहायची. तेवढ्यात तेच सांगायचे, "गिलके! लसणाची फोडणी. जिन्यात वास आला होता." आणि हिरवी फुली एक घर वर.

पार्किंगमधला बोका तर त्यांचा शिष्यच झाला. अण्णा जॉगिंग ट्रॅककडे निघाले की तो शेपूट ताठ करून मागे. ट्रॅकवर आणखी दोन मांजरी येऊन मिळायच्या. पुढे पांढऱ्या टोपीतले अण्णा, मागे मिरवणूक. "जनावराला तब्येत कळते," अण्णा मागे न बघता म्हणायचे.

एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मार्चमध्ये सहा झाल्या, आणि त्याच सुमारास अण्णांची दाढ दुखायला लागली. दाढ काढायची ठरली. सुधाकाकूंना दवाखान्याचा वास सोसत नाही, असं अण्णा म्हणाले. म्हणून माझ्या स्कूटीवर मी त्यांना घेऊन गेले. वाटेत सिग्नलला एक कुत्रा आमच्याकडे फार आशेने बघत होता.

दातांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, औषधं कुठली चालू आहेत?"

"ब्लड प्रेशरची. आणि ती रक्त पातळ ठेवायची."

"ती रक्ताची कळवलीय मला तुमच्या डॉक्टरांनी. आणखी काही?"

"काही नाही," अण्णा ठामपणे म्हणाले. त्यांच्या मते तेल हे औषध नव्हे, अन्न.

खुर्ची मागे गेली. दिवा लागला. डॉक्टरांनी वाकून "आ करा" म्हटलं. अण्णांनी आ केला आणि आतून एक दीर्घ ढेकर आला.

डॉक्टर स्टुलासकट मागे सरकले. "आजोबा, काल मासे खाल्ले का?"

"मी शुद्ध शाकाहारी आहे!" अण्णा खुर्चीत उठून बसले.

मला हसू आवरेना. मीच सगळं सांगितलं. सहा गोळ्या ऐकल्यावर डॉक्टरांचं हसू मात्र गेलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली. "आज दाढ काढायची नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून या."

अण्णांचे नेहमीचे डॉक्टर पुढच्याच गल्लीत. ते अण्णांना तीस वर्षं ओळखतात, त्यामुळे ओरडले मोकळेपणाने.

"रक्त पातळ करायची गोळी चालू असताना मला न विचारता हे? आणि दाढ काढायला निघालात! रक्त थांबलं नसतं तर? शिवाय इतका डोस घेतला तर काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तातली चरबी फार वाढली असेल तर आम्हीही देतो हे तेल, पण तपासून, मोजून. तुम्हाला गरज काय होती?"

अण्णांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "मला म्हणून नव्हतं."

"मग?"

"एकदम तिला कसं देऊ? म्हटलं, आधी आपण घेऊन बघू. सहाने मला काही झालं नाही, तर तिला एक सोसेल."

"कुणाला?"

"सुधाला."

अण्णा टोपीची घडी करत, उलगडत बोलत होते. काकू दूध दोनदा तापवतात. मागच्या महिन्यात भाजी घेऊन आल्या आणि आमच्याच गेटवर वॉचमनला विचारत उभ्या राहिल्या, दीक्षित कुठे राहतात. अण्णांनी हे मुलालाही कळवलं नव्हतं. भिंतीपलीकडे राहून मला पत्ता नव्हता. काकू कमी बोलतात, एवढंच मला वाटायचं.

"मेंदूला चांगलं असतं म्हणे," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "या गोळ्यांनी विसरणं थांबतं, असं नाही सांगता येत, अण्णा. पण विसरण्याची कारणं बरीच असतात. काहींवर इलाज असतो. त्यांना तपासायला हवं. उद्या घेऊन या. आणि आजपासून ही बाटली बंद."

"घेऊन येतो," अण्णा म्हणाले. जाताना त्यांनी तीनदा वेळ विचारून घेतली आणि हातावर लिहिली.

घरी आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. "दाढ काढली?"

"नाही गं. उद्या दोघांनी डॉक्टरांकडे जायचंय. येताना कुल्फी खाऊ."

काकूंनी पाणी आणून दिलं. अण्णांनी पेला तोंडाला लावला, तोच काकूंनी विचारलं, "दाढ काढली का हो?"

"नाही, डॉक्टर घाबरले मला," अण्णा म्हणाले. आवाजात वैतागाचा लवलेश नाही. जणू पहिल्यांदाच कुणीतरी चौकशी केली होती.

मी चपला घालत होते, तेव्हा काकू पुन्हा म्हणाल्या, "अहो, दाढेचं काय झालं?"

अण्णा त्यांच्यासमोर जाऊन खाली वाकले आणि मोठा आ करून दाखवला. काकूंनी चष्मा सावरून आत नीट बघितलं, नाकाला पदर लावला आणि खळखळून हसल्या. अण्णा तसेच, आ करून उभे राहिले.