दौलतमामांचे दोन उमेदवार

अख्ख्या लातुरात टीव्हीचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ घराकडे असलेलं एकच घर मला माहीत आहे, आणि ते माझ्या मामेसासऱ्यांचं आहे. टीव्ही खिडकीत. खिडकीसमोर अंगण, अंगणात बाज आणि बाजेवर दौलतमामा. भूकंप झाल्यापासून हा माणूस दिवेलागणीनंतर स्लॅबखाली गेलेला नाही.

तसे तेव्हा आम्ही सगळेच बाहेर झोपत होतो. मी तर घाबरून सायकलसुद्धा बाहेर झोपवत होतो. पुढे डास चावायला लागले तसे एकेक जण आपापल्या छताखाली परतले. मी सगळ्यात आधी. मामांनी मात्र बाजेवर पत्रा ठोकून घेतला. मामी म्हणायच्या, "आमच्या बापानं घर बघून पोरगी दिली, अन् ह्यांनी नांदवलं अंगणात!"

मामा एसटीतले रिटायर कंडक्टर. नोकरी सुटली तरी भाषा सुटली नव्हती. जेवायला बसलेल्यांना "पुढं सरका, पुढं सरका" आणि गप्पा संपवायच्या असल्या की "चला, डबल बेल." लातूरला शिकवणीवर्गांचं पीक आलं तेव्हा गल्लीत सगळ्यांनी खोल्या काढल्या, मामांनीही मागच्या खोल्यांत बारावीच्या मुली ठेवल्या. आणि हजेरी सुरू केली. जेवणं उरकली की, शिवाय मधे कधीही लाईट गेली की, मामा बाजेवरून एकेकीचं नाव पुकारत.

"हाय का गं रेश्मा?"

आतून उत्तर येई, "हाय!"

लोडशेडिंगच्या त्या दिवसांत पोरी पुस्तकापेक्षा 'हाय'चाच अभ्यास जास्त करत. एकदा एकीनं दुसरीच्या नावाला ओ दिली, तर मामा गरजले, "दुसऱ्याच्या पासवर बसायलीस का? उतर खाली!"

आम्ही हसायचो. मामा भित्रे आहेत आणि कंडक्टरकी अंगात मुरली आहे, एवढं सोपं निदान मी करून टाकलं होतं.

भूकंपानंतर दहाव्या वर्षी नांदेडकडच्या उमरीची सुजाता आली. हुशार पोरगी, पण इथं जीव रमेना. ताटात भाकरी तशीच राही. दर रविवारी पिशवी भरून अंगणात उभी.

"मामा, नांदेडची गाडी कधी हाय?"

"आज गाडी फेल हाय, बाई."

हयातीत गाडीच्या वेळेबाबत खोटं न बोललेला माणूस दर रविवारी महामंडळाची गाडी बंद पाडत होता.

सुजाता फक्त एका गोष्टीनं खुलायची. टीव्हीवर कसला तरी बक्षीस-समारंभ होणार होता आणि त्यात मतं द्यायची होती फक्त तेरा ते एकोणीस वर्षांच्या पोरांनी, मोबाईलवरून. एका मालिकेतला नट तिचा लाडका. एका रविवारी ती वैतागून म्हणाली, "मामा, त्याला बेस्ट नायकाचं बक्षीस मिळालं तर मी राहते. न्हाई मिळालं तर तुमी सोता मला गाडीत बसवून द्यायचं."

"डबल बेल," मामा म्हणाले आणि मग मला हाक मारली. "जावईबापू, हे नेमकं काय हाय?"

मलाही कळलं नव्हतं. पण जावई असल्यामुळे मी समजावून सांगितलं. गोंधळ तिथून वाढला. कारण त्या नटाचं मालिकेत डबल काम होतं, एक भाऊ सज्जन आणि एक भाऊ बदमाश. त्यामुळे तो नायकाच्या बक्षिसालाही उभा होता आणि खलनायकाच्याही.

"म्हंजे सख्खे भाऊ, दोघं बी उभे?"

"भाऊ नाहीत मामा. माणूस एकच आहे."

"जावईबापू, मी रोज बघायलोय. एकाला मिशी हाय."

"चिकटवलेली मिशी आहे ती."

"मंग एकाच टायमाला दोघं समोरासमोर उभे राहून भांडायलेत, ते कसं?"

खरं सांगायचं तर विचार करता करता मलाही दोन माणसं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मामा आपला मोबाईल घेऊन शिकवणीवर्गाच्या फाटकाशी उभे राहू लागले. पोरांकडे फोन नसायचे, आईबापांनीच काढून घेतलेले. मामा आपला फोन पुढे करत, पण आधी आयडी बघत. "वीस लागलं का? मंग चल, पुढं सरक. ही शीट तुझी न्हाई." कुणी गंमत म्हणून दुसऱ्याच कुणाला मत द्यायला लागलं तर हात धरत नसत, नुसतं तोंड बारीक करत. आणि घरातली भांडणं मामांना सोसत नसल्यामुळे प्रत्येकाला सांगत, "एक मत सज्जनाला दे, एक बदमाशाला दे. भाऊ-भाऊ हायेत, एकाला राग नको."

एकदा मी सोबत गेलो, तर एक पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आजोबा कोणत्या पार्टीचे?"

समारंभाच्या संध्याकाळी मुली अंगणात सतरंजीवर बसल्या. मामा बाजेवर ताठ. सुजाता पायरीवर, पिशवी शेजारी. पडद्यावर पोरं किंचाळत होती, कोण कशाला नाचतंय कळत नव्हतं, बक्षीस कोण घेतंय आणि कोण देतंय तेही नाही. खलनायकाचं नाव पुकारलं. सुजाताचा नट!

"आला! एक भाऊ आला!" मामांनी बाजेवर उडी मारली.

मग नायकाचं बक्षीस. ते गेलं भलत्याच कुणाला तरी.

सुजातानं पिशवी उचलली.

"पोरी, थांब की. एक तर आला."

"मी नायकाचं बोलले होते, मामा."

"पर माणूस तर एकच हाय की!" महिनाभर न पटलेली गोष्ट मामांना त्या क्षणी पटली. "जावईबापू, सांगा की हिला!"

मी तोंड उघडायच्या आत सुजाता भडकली. तिचे डोळे भरले होते. "तुमी सोता घरात पाय ठेवायला भेता, अन् मला म्हणता इथं ऱ्हा! दहा वर्षं झाली, कोण पडायलंय आता तुमच्या अंगावर?"

मामा चिडतील असं मला वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "अंगावर पडंल म्हणून न्हाई गं. त्या दिवशी बहिणीच्या गावाला पयली गाडी आमचीच गेली. लोकं ढिगावर उभं राहून हाका मारायलेते. पर कुणाला मारावी? कोणाकडं पाव्हणे आलेले, कोणाचं लेकरू दुसऱ्याच्या घरी निजलेलं. आत कोण हाय तेच कुणाला ठावं न्हाई. बहिणीची धाकटी मला शेजाऱ्याच्या घरात सापडली. लई उशिरा. तवा ठरवलं. आपल्या घरी एकानं भायेर राहायचं, अन् नावं पाठ ठेवायची."

सुजाता पिशवी घेऊन आत गेली, ती रिकामी करायला की उरलेलं भरायला, कळलं नाही. बाकीच्या मुलीही तिच्यामागे गेल्या. मी चपलेत पाय घालायचं निमित्त करून खाली बघत राहिलो.

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही मिटला.

मामांनी सवयीनं घसा खाकरला.

"हाय का गं रेश्मा?"

"हाय."

"हाय का गं वंदना?"

"हाय."

एकेक नाव झालं. शेवटचं नाव मामांच्या ओठांवर आलेलं मला अंधारातही दिसलं. त्यांनी ते घेतलं नाही. उद्या जाणाऱ्या पोरीला कशाला अडवायचं, असं त्यांना वाटलं असावं. ते बाजेवर आडवे झाले आणि घोंगडी तोंडावर ओढली.

आतून आवाज आला, "मामा, माझं नाव ऱ्हायलं."

घोंगडी बाजूला झाली. मामा उठून बसले, टोपी नीट केली.

"हाय का गं सुजाता?"

"हाय."