स्वागत समितीचा चौथा रविवार

दार उघडं ठेवायला एक दगड पुरतो. दार सर्वांना उघडं आहे असं ठरवायला मात्र समिती लागते. आमच्या अंत्युखियातल्या ख्रिस्ती मंडळीची समिती सात जणांची होती आणि अत्यंत कार्यक्षम होती. (दगड कुणी आणला नव्हता.)

मंडळी दर रविवारी संध्याकाळी विधवा निकेसोबाईंच्या घरी जेवायला जमे. आपण सगळे एक, यावर एकमत होतं. म्हणून पंगती दोनच होत्या: यहूद्यांची एकोणीस जणांची, ग्रीकांची बारा जणांची. मधलं अंतर चार हात. वर्षापूर्वी ते पाच होतं, तेव्हा प्रगती उघड होती.

मेनोफिल बाजारात डुकराचं मांस विकायचा. त्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोला ताप भरला, तशी सख्ख्या भावांनीही पाठ फिरवली. तेव्हा शलोमित नावाची एक अनोळखी यहूदी म्हातारी अकरा दिवस तिच्या उशाशी बसली. बायको गेली. म्हातारी तरीही येत राहिली, त्याच्यासाठी मसूर शिजवून घेऊन.

"तुम्ही कुठल्या लोकांतल्या, आजी?" त्यानं एकदा विचारलं.

"रविवारी ये. दिसतील."

तो तीनदा अंघोळ करून आला. समितीनं त्याला दारातच, पण अत्यंत प्रेमानं, थोपवलं. तीन मुद्दे होते: त्याला कोणत्या पंगतीत बसवावं, माणूस स्वीकारला तर त्याचा वास आपोआप स्वीकारला जातो की त्याला वेगळा अर्ज लागतो, आणि स्वागताचं पवित्र चुंबन आधी कोणत्या गालावर द्यावं. पहिले दोन किरकोळ म्हणून बाजूला ठेवले. तिसऱ्यावर मंडळी फुटली.

फुटली म्हणजे, यहूदी-ग्रीक हा जुना भेद एकाच संध्याकाळी नाहीसा झाला. पंधरा जण डाव्या गालाचे, चौदा उजव्या गालाचे, आणि दोन्हीकडे यहूदी न् ग्रीक खांद्याला खांदा लावून भांडत होते. एक जण तटस्थ होता, त्याची दाढ दुखत होती. शलोमित चुलीपाशी असल्यानं मोजायची राहिली.

डाव्या गालाचे पुढारी योएझर अधूनमधून दारात येत. "कंटाळू नकोस हं, बाबा. तुझं स्वागतच चाललंय."

"चालू द्या, दादा. मी उभा आहे."

असे तीन रविवार तो उभा होता. घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न समितीपुढे नव्हता, त्याच्यापुढे होता.

चौथ्या रविवारी शलोमित वाडगा घेऊन बाहेर आली आणि कण्हत पायरीवर बसली.

"आत जेवत नाहीत का कुणी?" त्यानं विचारलं.

"आत नुसता वाद वाढतायत. जेवण कोण वाढणार? बैस."

तिनं भाकरी मोडून अर्धी त्याला दिली. त्यानं घास घेतला आणि त्याचे डोळे वाहू लागले.

"मीठ जास्त झालंय का रे?"

"नाही, आजी. बरोबर आहे."

मग तो दाढदुख्या आला, कारण मसूर मऊ होती. पाठोपाठ निकेसोबाई अख्खं भांडंच घेऊन आल्या, आणि भांड्यामागं दोन्ही गालांचे लोक. पायऱ्यांवर एकोणतीस जण आणि मेनोफिल मावले. कोण कुणाशेजारी बसलं, हे कुणी पाहिलं नाही. (त्यामुळे या जेवणाची अधिकृत नोंद नाही.)

आत योएझर आणि उजव्या गालाचे थेओडोट हे दोघंच उरले. ऐकणारं कुणी नसल्यानं ठराव तात्काळ एकमतानं मंजूर झाला: दोन्ही गाल, एकाच वेळी, दोघांनी. दोघं बाहेर आले आणि त्यांनी ठराव अमलात आणला. मेनोफिलच्या तोंडात तेव्हा मसूर होती.

एवढ्यात गल्लीतून जाणारा एक सुरियाई उंटवाला थबकला. "इथं बसलं तर चालेल का?"

मेनोफिलनं वर पाहिलं. उंटाचा वास येत होता. तोंड पुसून तो अतिशय मायेनं म्हणाला, "बसा की. म्हणजे... आधी समितीला विचारून घेतो."

वाचकहो, तुम्ही मेनोफिलला हसलात, ते योग्यच आहे. फक्त हसून झालं की जरा मागं पाहा. तुमच्या पंगतीमागं कुणीतरी केव्हाचं ताट घेऊन उभं आहे, आणि तुम्ही चांगली ऐसपैस मांडी घातली आहे.